नाव एक, कारखाने अनेक : तुलना करायची कशी?

टेबलावर दोन खोकी ठेवली आहेत. दोन्हींवर एकाच कंपनीचे नाव आहे आणि दोन्हींत दिसायला अगदी सारखी वस्तू आहे. फक्त खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, ती कुठे तयार झाली ते छापले आहे आणि ती गावे वेगवेगळी आहेत. आपण कुठली घेऊ? घड्याळ असो, शिवणयंत्र असो की शाळेसाठी घ्यायचा सूक्ष्मदर्शक, अशा वेळी शेजारचा कोणी ना कोणी ठामपणे सांगतोच, ‘तिकडच्या कारखान्याचा घ्या, इकडच्यात ती मजा नाही.’ हे त्याला कसे कळले, असे आपण सहसा विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हीही विचारले नव्हते. आमच्या प्रयोगशाळेतील दोघा सहकाऱ्यांना पक्षीनिरीक्षणाचा छंद होता. दोघांकडे एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या दुर्बिणी होत्या; पण एक एका देशात बनलेली, तर दुसरी दुसऱ्या. एका दुपारी चहाच्या वेळी आम्ही आठ जणांनी दोन्ही दुर्बिणींतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवरील अक्षरे वाचून पाहिली. निकाल एकमुखी लागला : पहिली स्वच्छ, दुसरी धुरकट. मग आमच्या एका विद्यार्थिनीने दोन्ही दुर्बिणींवरची सगळी अक्षरे काळ्या चिकटपट्टीने झाकली, त्यांची जागा बदलली आणि आम्हाला पुन्हा पाहायला सांगितले. आता आठांची मते फुटली. तिघांनी तर मघाशी ज्या दुर्बिणीला नावे ठेवली होती तिलाच पसंती दिली. शेवटी उजेडात नीट पाहिल्यावर त्या ‘धुरकट’ दुर्बिणीच्या नेत्रभिंगावर बोटाचा ठसा आढळला. तो पुसल्यावर वादच संपला.

मोजमाप करणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आम्ही मंडळींनी एकेका नगावरून दोन कारखान्यांचा निवाडा केला होता, आणि तोही बोटाच्या ठशावरून! अशी तुलना नीट करायची असेल तर काय करावे लागते, ते या लेखात पाहू. उदाहरण म्हणून आम्ही रायफलीवर बसवायची दुर्बीण निवडली आहे. बंदुकीचे नाव ऐकून शिक्षक मित्रांनी दचकू नये. या उपकरणात प्रकाशशास्त्र आणि यंत्रकाम या दोहोंची एकदम परीक्षा होते. शिवाय ‘कोणत्या कारखान्याची चांगली’ यावर युरोप-अमेरिकेतील शिकारी जेवढे हिरिरीने भांडतात, तेवढे क्वचितच कोणी भांडत असेल. (ऑलिंपिकमधील रायफल स्पर्धांत मात्र अशी दुर्बीण वापरता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला मिळवलेले कांस्यपदक बारीक छिद्रातून नेम धरून मिळवलेले आहे.)

नळीच्या आत काय असते?

या दुर्बिणीचे मूळ तत्त्व केप्लर यांनी १६११ साली मांडले. पुढचे मोठे वस्तुभिंग दूरच्या लक्ष्याची लहान, उलटी प्रतिमा नळीच्या आत तयार करते. आकाशातील तारे पाहताना उलटी प्रतिमा चालते. पण हरिण खाली डोके वर पाय असे दिसून चालणार नाही. म्हणून मध्ये आणखी भिंगांची एक छोटी नळी असते. ती प्रतिमा पुन्हा सुलटी करते. नंतर नेत्रभिंगातून आपण ही प्रतिमा मोठी करून पाहतो. प्रतिमा जिथे पडते नेमक्या त्याच पातळीवर बारीक तारांची किंवा काचेवर कोरलेली फुली बसवलेली असते. त्यामुळे लक्ष्य आणि फुली ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात आणि डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी फुली लक्ष्यावरून सरकत नाही. फुली आणि प्रतिमा एका पातळीत नसतील तर मात्र ती सरकते. हाच पराशय. प्रकाशीय बाकावर टाचण्यांचे प्रयोग करताना विद्यार्थी नेहमी पाहतात तोच.

नळीवर दोन बटणे असतात, एक वर-खाली नेम बदलण्यासाठी आणि दुसरे डावी-उजवीकडे. बटण फिरवले की आतला बारीक आट्यांचा स्क्रू भिंगांची छोटी नळी किंचित ढकलतो आणि दर टप्प्याला ‘टिक्’ असा आवाज येतो. अनेक दुर्बिणींत एका टिकेला नेम पाव कला सरकतो. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि एका कलेचे साठ भाग केले की विकला मिळते. १०० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. म्हणजे एका टिकेला नेम ७ मिलिमीटरांच्या आसपास हलायला हवा. आतल्या स्क्रूच्या दृष्टीने ही हालचाल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या पातळीवरची असते. त्यातच गोळी सुटताना बंदुकीचा दणका बसतो आणि तो खाऊनही आतल्या भिंगांनी जागच्या जागी राहायचे असते.

आता आकडे पाहू. ६×४२ असे लिहिलेले असेल तर विशालन सहापट आणि वस्तुभिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ४२ ला ६ ने भागले की ७ मिलिमीटर येतात. डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा हा व्यास होय. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण एवढीच मोठी होते. सांजसकाळच्या अपुऱ्या उजेडात शिकार करणाऱ्यांत ६×४२ आणि ८×५६ हे आकार का रूढ झाले, त्याचे उत्तर या भागाकारात आहे.

भिंगाची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची ताकद, ११६ ला मिलिमीटरमधील व्यासाने भागून विकलांमध्ये काढता येते. ४२ मिलिमीटरच्या भिंगासाठी ती येते २.८ विकला. पण निरोगी डोळा स्वतः सुमारे ६० विकला, म्हणजे एक कला, एवढेच वेगळे पाहू शकतो. सहापट विशालनानंतर त्याची मर्यादा १० विकलांवर येते. म्हणजेच भिंग उत्तम असेल तर ते आपल्या डोळ्याच्या गरजेच्या तिपटीहून बारीक तपशील दाखवू शकते. म्हणून एका कारखान्याचे भिंग दुसऱ्याच्या भिंगापेक्षा थोडे कमी प्रतीचे असले तरी निदान दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी डोळ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. तो फरक पाहायचा तर नेत्रभिंगामागे आणखी एक छोटी दुर्बीण लावून प्रतिमा अधिक मोठी करावी लागते. ‘आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे’ हा पुरावा आपल्याला वाटतो तितका भक्कम नसतो तो यामुळे.

झाइस एक, गावे तीन

एका नावाखाली अनेक कारखाने चालण्याचे इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण कार्ल झाइस या जर्मन नावाचे आहे. झाइस यांनी १८४६ साली येना या गावी छोटी कार्यशाळा काढली. १८६६ पासून अर्न्स्ट आबे हे भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर काम करू लागले. तोवर सूक्ष्मदर्शकाची भिंगे कारागीर ‘लावून पाहा, बदलून पाहा’ या पद्धतीने जुळवत. आबे यांनी ती आधी गणिताने ठरवायला सुरुवात केली. १८८४ साली ऑटो शॉट यांच्या सहभागाने येनालाच खास प्रकाशीय काचेचा कारखाना उभा राहिला. गणित, काच आणि हात या तीन गोष्टी एका गावात आल्या. त्यांतून सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, कॅमेऱ्यांची भिंगे आणि शिकाऱ्यांच्या रायफलींवरच्या दुर्बिणीही बाहेर पडू लागल्या. १९३५ साली येथील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ थर देऊन परावर्तन कमी करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले.

१९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य येनात शिरले. ठरल्याप्रमाणे हा भाग सोव्हिएत सैन्याकडे जायचा होता. तत्पूर्वी अमेरिकनांनी निवडक शास्त्रज्ञ आणि अभियंते कुटुंबांसह पश्चिमेकडे नेले. त्यांनी १९४६ साली ओबरकोखेन या गावी नवा कारखाना काढला. त्याच सुमारास सोव्हिएत अधिकाऱ्यांनी येनातील बहुतेक यंत्रे उचकटून आपल्या देशात नेली आणि अनेक तज्ज्ञांनाही तिकडे पाठवले. मागे उरलेल्या लोकांनी येनाचा कारखाना पुन्हा उभा केला. १९४८ साली तो सरकारी मालकीचा झाला. आता ‘कार्ल झाइस’ नाव लावणारे दोन कारखाने झाले आणि खरा झाइस कोण यावर अनेक देशांच्या न्यायालयांत खटले चालले. १९७१ च्या करारानंतर कोणी कुठे कोणते नाव वापरायचे याची वाटणी झाली. पश्चिमेकडील झाइसच्या शिकारी दुर्बिणी पुढे तिसऱ्याच गावी, वेत्झलारला, बनू लागल्या. तेथील हेन्झोल्ट हा जुना कारखाना १९२८ पासूनच झाइसच्या ताब्यात होता. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९१ साली येना आणि ओबरकोखेन पुन्हा एका छत्राखाली आले.

मग येनाची दुर्बीण चांगली की वेत्झलारची? प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात किती गोष्टी मिसळलेल्या आहेत पाहा. समजा, कोणाकडे येनाची १९३० च्या दशकातील दुर्बीण आहे आणि वेत्झलारची १९८० च्या दशकातील. पहिलीत भिंगांवर थर नाहीत, दुसरीत अनेक पदरी थर आहेत. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. नळीत हवा आणि काच जिथे भेटतात असे दहा पृष्ठभाग धरले तर ०.९६ चा दहावा घात, म्हणजे ६६ टक्केच प्रकाश पार जातो. एकपदरी थराने दर पृष्ठभागाची घट दीड टक्क्यावर आली तर ८६ टक्के जातो आणि अनेक पदरी थराने ती अर्ध्या टक्क्यावर आली तर ९५ टक्के. (काचेत शोषला जाणारा थोडा प्रकाश येथे सोडून दिला आहे.) एवढा मोठा फरक वर्षांचा आहे, गावांचा नाही. १९३० च्या दशकातील दुर्बीण वेत्झलारची असती तरी तिच्यावरही थर नसते. त्यात भर म्हणजे जुन्या दुर्बिणीतले वंगण सुकलेले असते, क्वचित भिंगांवर बुरशी चढलेली असते. ज्यांनी कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेरा सांभाळला आहे त्यांना ही बुरशी चांगलीच परिचयाची असेल.

तेव्हा पहिला नियम असा की, तुलना करायची ती एकच आराखडा, एकच काळ आणि एकसारखी निगा असलेल्या वस्तूंची. यातले एकही कलम वेगळे असले तर मिळालेला फरक कारखान्याच्या नावावर घालता येत नाही. आजही अनेक कंपन्या आपली महाग मालिका मायदेशी बनवतात आणि स्वस्त मालिका दुसऱ्या देशात बनवून घेतात. स्वस्त मालिकेचा आराखडाच वेगळा असतो, काच वेगळी असते, किती फरक चालवून घ्यायचा त्याची मर्यादा सैल असते आणि तपासणीत नापास करून बाजूला टाकलेले नगही कमी असतात. ग्राहक म्हणतो, ‘त्या देशातला माल हलका.’ खरे तर हलका माल मागवला होता म्हणून हलका आला.

आपल्या देशालाही येनाच्या कारखान्याचा जवळून परिचय आहे. तामिळनाडूतील कावलूर येथे १९७२ साली उभारलेली सुमारे एक मीटर व्यासाची आरशाची दुर्बीण येनाची आहे, आणि त्याच वर्षी नैनितालला बसवलेली १०४ सेंटिमीटरची दुर्बीणही तिथलीच. १० मार्च १९७७ रोजी युरेनस ग्रह एका ताऱ्यासमोरून जात असताना कावलूरच्या दुर्बिणीतून त्या ताऱ्याच्या प्रकाशात अनपेक्षित घट नोंदली गेली. अमेरिकी पथकाने विमानातील दुर्बिणीतून घेतलेल्या अशाच नोंदींवरून युरेनसभोवती कडी असल्याचे कळले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यंत्रे काढून नेलेल्या कारखान्यातून हे उपकरण आले होते. एका दुर्बिणीवरून संपूर्ण कारखान्याची प्रत सिद्ध होत नाही, हे खरेच. पण ‘तिकडून चांगले काही येतच नाही’ हे विधान खोडून काढायला एक उदाहरण पुरते.

पंचवीस जोड्यांची गोष्ट

आता समजा, आपल्याला खरोखरच एकाच आराखड्याच्या, एकाच वर्षीच्या दुर्बिणी मिळाल्या : पाच ‘अ’ कारखान्याच्या आणि पाच ‘ब’ कारखान्याच्या. सगळ्यांवरची अक्षरे झाकली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. मोजमाप करणाऱ्याला कोणता क्रमांक कुठल्या कारखान्याचा ते ठाऊक नाही. दुर्बीण भक्कम बैठकीवर आवळून बसवली, १०० मीटरवर चौकटींचा कागद लावला आणि बटण ४० टिका फिरवले. पाव कलेच्या हिशेबाने फुली १० कला, म्हणजे २९१ मिलिमीटर सरकायला हवी. प्रत्यक्षात ती किती टक्क्यांनी चुकली ते लिहून ठेवले. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी आम्ही कल्पिलेले आहेत.

‘अ’ कारखाना : ०.४, १.९, ०.८, १.१, ०.४. सरासरी ०.९२.
‘ब’ कारखाना : १.३, ०.२, २.४, ०.५, १.०. सरासरी १.०८.

सरासरीवरून ‘अ’ किंचित सरस दिसतो. पण बाजारात कोणीही पाच-पाच दुर्बिणी घेत नाही. एक जण ‘अ’ची एक घेतो, मित्राकडे ‘ब’ची एक असते आणि दोघे तुलना करतात. अशा एकूण पंचवीस जोड्या होतात. मोजून पाहा : १४ जोड्यांत ‘अ’ची चूक कमी आहे आणि ११ जोड्यांत ‘ब’ची. म्हणजे चौदा जण शपथेवर सांगणार की ‘अ’ उत्तम, आणि अकरा जण तितक्याच प्रामाणिकपणे सांगणार की ‘ब’ उत्तम. कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाचा अनुभव खरा आहे. तो एका नगाचा अनुभव आहे, एवढेच. वाद वर्षानुवर्षे मिटत नाही त्याचे कारण हे आहे.

नगानगात फरक का पडतो? बटणाने प्रतिमा किती सरकली ते अंतर आणि वस्तुभिंगाचे नाभीय अंतर यांच्या गुणोत्तरावर नेमाचा कोन ठरतो. काचेच्या एका घाण्याचा अपवर्तनांक दुसऱ्या घाण्यापेक्षा किंचित वेगळा असला किंवा घासताना भिंगाची वक्रता जराशी बदलली की नाभीय अंतर बदलते. ते एक टक्का बदलले की त्या नगाची प्रत्येक टिक एक टक्क्याने चुकते. असे फरक एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर होत असतात.

म्हणून दुसरा नियम असा की, दोन कारखान्यांमधील फरक हा एकेका कारखान्याच्या आतील फरकाशी ताडून पाहावा. येथे सरासरींतील फरक ०.१६ आहे, तर ‘अ’मध्येच सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट नगांत १.५ चा फरक आहे आणि ‘ब’मध्ये २.२ चा. असे असताना ०.१६ ला फारसा अर्थ उरत नाही.

आता तिसरा कारखाना ‘क’ घेऊ. त्याचे आकडे ३.१, २.८, ३.४, २.९, ३.३ आणि सरासरी ३.१. ‘अ’ आणि ‘क’ यांच्या पंचवीसही जोड्यांत ‘अ’ सरस ठरतो. येथे मात्र फरक कारखान्याचाच असावा असे म्हणायला आधार आहे. गंमत अशी की ‘क’चे नग एकमेकांशी सर्वांत जास्त जुळणारे आहेत. त्याचे कारागीर निष्काळजी नाहीत. त्यांचे काम अगदी एकसारखे आहे. पण सर्वांची चूक एकाच बाजूची असेल तर बहुधा स्क्रू कापणाऱ्या एखाद्या यंत्राची मांडणीच चुकलेली असणार. ती दुरुस्त केली की ‘क’ सर्वांच्या पुढे जाईल. सुसंगतता आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

‘आधार आहे’ म्हणजे किती, हेही चिठ्ठ्यांनी पाहता येते. ‘अ’ आणि ‘ब’ यांचे दहा आकडे दहा चिठ्ठ्यांवर लिहा, टोपीत टाकून ढवळा, पाच-पाचांचे दोन गट काढा आणि सरासरींतला फरक मोजा. असे वीस-तीस वेळा करा. निम्म्याहून बऱ्याच अधिक वेळा फरक ०.१६ एवढा किंवा त्याहून मोठा येईल. म्हणजे नुसत्या योगायोगानेही जे सहज घडते तेच आपण ‘अ’च्या श्रेष्ठत्वाचा पुरावा समजत होतो. आता ‘अ’ आणि ‘क’ यांच्या चिठ्ठ्या घ्या. दहा चिठ्ठ्यांतून पाचांचा गट २५२ प्रकारे काढता येतो. सगळे लहान आकडे एका बाजूला आणि सगळे मोठे दुसऱ्या बाजूला अशी वाटणी त्यांपैकी फक्त दोनदा होते. टोपीतून ती सहजासहजी निघणार नाही. संख्याशास्त्रातील मोठमोठ्या कसोट्यांचा गाभा या टोपीत आहे.

मग कारखान्याला महत्त्व नाही?

असा अर्थ कोणी काढू नये. कारखान्याला महत्त्व आहे म्हणून तर कायद्याने त्याची नोंद ठेवावी लागते. आयएसआय चिन्ह असलेली एखादी वस्तू हातात घेऊन पाहा. चिन्हाजवळ ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक दिसेल. हा परवाना कंपनीच्या नावाला सरसकट दिला जात नाही. ठरावीक जागेच्या कारखान्याला, ठरावीक वस्तूसाठी दिला जातो. कंपनीने दुसरीकडे कारखाना काढला तर तेथील मालासाठी वेगळा परवाना लागतो. औषधाच्या वेष्टनावरही कारखान्याचा पत्ता आणि घाण्याचा क्रमांक, म्हणजे बॅच नंबर, छापणे बंधनकारक असते. एखाद्या घाण्यात दोष आढळला तर तेवढाच माल बाजारातून परत बोलावता यावा, सगळा नव्हे आणि काहीच नाही असेही नव्हे, यासाठी ही तजवीज आहे. येथे चुकीच्या निवाड्याची किंमत पैशांत नव्हे तर माणसाच्या प्रकृतीत मोजावी लागते. चांगल्या कारखान्याला उगाच बदनाम केले तर तिथल्या कामगारांच्या पोटावर पाय येतो. सदोष कारखान्याला नावाच्या पुण्याईवर सोडून दिले तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

फरक एवढाच की, कायदा कारखान्याचे नाव विचारतो ते तपासणी कुठून सुरू करायची हे कळावे म्हणून. आपण बहुधा ते विचारतो तपासणी टाळता यावी म्हणून.

वर्गात करून पाहा

यासाठी रायफलीवरच्या दुर्बिणीची गरज नाही. एकाच कंपनीच्या पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, शक्य तर वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दहा फूटपट्ट्या गोळा करा. प्रयोगशाळेतील तापमापके किंवा ताणकाटेही चालतील. कंपनीचे व गावाचे नाव कागदाने झाकून क्रमांक द्या. हे काम करणारा विद्यार्थी मोजमापात भाग घेणार नाही. फूटपट्ट्या पोलादी पट्टीशेजारी ठेवून ३० सेंटिमीटरला किती फरक पडतो ते भिंगाखाली पाहा. तापमापके एकत्र वितळत्या बर्फात बुडवा आणि प्रत्येकाचे वाचन लिहा. प्रत्येक वाचन दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे घ्यावे, म्हणजे मोजणाऱ्याची चूक किती तेही कळेल. शेवटी कागद काढून गट करा, जोड्या मोजा आणि टोपीतल्या चिठ्ठ्यांचा प्रयोग करा.

कोणाकडे पक्षीनिरीक्षणाची दुर्बीण असेल तर आणखी एक गोष्ट करता येईल. ती आकाशाच्या उजळ भागाकडे (सूर्याकडे चुकूनही नव्हे!) रोखून नेत्रभिंगामागे पांढरा कागद धरा. त्यावर प्रकाशाची एक छोटी, रेखीव चकती दिसेल. तिचा व्यास मोजा आणि वस्तुभिंगाच्या व्यासाला त्याने भागा. दुर्बिणीवर छापलेले विशालन खरे आहे की नाही ते दोन मिनिटांत कळेल. चकती गोल न दिसता कडेने कापल्यासारखी दिसली तर आतला लोलक लहान आहे किंवा जागेवरून हलला आहे असे समजावे.

मोजमाप सुरू करण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : ‘तुमच्या मते कोणती पट्टी चांगली निघेल?’ उत्तरे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत पुसू नका. आणि हो, तापमापके बर्फात घालण्यापूर्वी ती आधी स्वच्छ पुसून घ्या. आमची दुर्बीण आम्ही पुसली नव्हती.